माती परीक्षणाच्या चाळीस जागा

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरलेला आहे. वरून पाहिलं तर जमीन काळीभोर, खोल. पण खालचं पाणी खारं. विहिरीला पाणी लागलं तरी ते ओलिताला चालत नाही, देत राहिलं तर जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट, पाणी न मुरणारी. म्हणून आमच्याकडे पावसावरची कपाशी, तूर, मूग आणि ओलीवरचा हरभरा.

बाबांच्या पेटीत बँकेच्या पासबुकासोबत एक मृदा आरोग्य पत्रिका ठेवलेली आहे. केंद्र सरकारने २०१५ साली ही योजना सुरू केली. त्यानंतर कधीतरी शेतातल्या मातीचा नमुना गेला आणि हे कार्ड आलं. त्यावर बारा घटक आणि त्यांच्यापुढे आकडे: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, मग गंधक, जस्त, लोह वगैरे. मी सायन्स घेतलं तेव्हा बाबांनी ते कार्ड माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "आकडे तं दिसून राहिले, पन त्याईचं करा काय, हे कोन सांगन?"

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत 'माती व पाणी परीक्षण' या कोर्सचं नाव दिसलं तेव्हाच माझं ठरलं होतं. अडचण एवढीच की वर्गातल्या बऱ्याच जणांचं तेच ठरलं होतं. निम्मा वर्ग आमच्यासारख्याच खेड्यांतून येणारा, प्रत्येकाच्या घरी शेत आणि शेताचा तोच प्रश्न. जागा चाळीस. त्या जागांचं पुढे काय झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण दरवर्षी जून-जुलैत गावातली बारावी झालेली मुलं-मुली हेच विचारायला येतात, आणि दारात उभं राहून दोन वाक्यांत हे सांगून होत नाही.

आमची बॅच नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला २०२४-२५ पासून ही रचना आली. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न. बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला, जूनमध्ये प्रवेश झाला. आमच्या आधीच्या ताई-दादांनी तीन विषयांचा गट निवडला की त्यांचं काम संपत होतं. आमचं काम गट निवडल्यावर सुरू झालं. एका सत्राला २२ क्रेडिट पूर्ण करायची. त्यात मुख्य विषयांशिवाय एक खुला ऐच्छिक विषय, आणि तो आपल्या शाखेबाहेरचाच हवा. म्हणजे सायन्सवाल्यांनी कला किंवा वाणिज्यचा घ्यायचा. त्याशिवाय भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान परंपरा, खेळ-एनएसएससारखा एखादा उपक्रम आणि दोन क्रेडिटचा व्यावसायिक कौशल्याचा कोर्स. माती परीक्षण हा त्या शेवटच्या प्रकारातला.

क्रेडिट हा शब्द सगळे वापरतात, पण त्याच्यामागचे तास फार थोडे जण मोजतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात पंधरा तास शिकवणं. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिटचा प्रॅक्टिकल कोर्स साठ तासांचा झाला. पंधरा आठवड्यांत वाटला तर आठवड्याला चार तास. हा चार तासांचा आकडा मला त्या वेळी माहीत असता तर पुढचा बराच त्रास लवकर उलगडला असता.

विषय नोंदणीच्या आधी एबीसी आयडी लागतो. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जिथे जमा होतात ते खातं. डिजिलॉकरमधून आधारवर बारा अंकी क्रमांक तयार होतो. शहरातल्या मुलीला हे पाच मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे आधारला जोडलेला मोबाइल बाबांचा असतो आणि बाबा वावरात असतात. ओटीपी येतो तेव्हा फोन धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेल्या पिशवीत वाजत असतो. माझ्या एका मैत्रिणीच्या आधारला जोडलेलं सिमच बंद पडलं होतं, तिला आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्यावा लागला. दुसरीचं आडनाव आधारवर एका ऱ्हस्व-दीर्घाने वेगळं आणि दाखल्यावर वेगळं. ही कामं पेरणीच्या दिवसांत निघाली की घरातलं कोणी सोबत येऊ शकत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, बारावीची परीक्षा संपली की एप्रिल-मे मध्येच आधारचा नंबर, नाव, जन्मतारीख हे सारखं करून घ्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर ही कागदं तर सगळ्यांना ठाऊकच असतात.

मग नोटीस लागली. कौशल्य कोर्सची नोंदणी गुरुवारी सकाळी दहा वाजता, खिडकीवर, जो आधी येईल त्याला आधी. माती परीक्षणाला चाळीस, रोपवाटिका व्यवस्थापनाला चाळीस, मत्स्यपालनाला तीस. नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी संध्याकाळी आला. आमच्या गावाकडची पहिली एसटी तालुक्याला पोचते सव्वादहाच्या पुढे, आणि पाऊस असला, नाल्यावरून पाणी चाललं असलं तर त्याहून उशिरा.

आम्ही बसस्टँडवरून धावतच गेलो. खिडकीपुढची रांग पायऱ्यांपर्यंत आली होती. आमची पाळी आली तेव्हा बाबूंनी रजिस्टरचं पुढचं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'प्रतीक्षा यादी'. त्या पानावर शेवटी तेवीस नावं झाली. रोपवाटिकेला जागा होत्या, बाबू म्हणालेही, "तिथं टाकू का नाव?" दोन-तीन जणींनी टाकलं. मी नाही म्हणाले.

ती यादी दुसऱ्या दिवशी बोर्डावर लागली तेव्हा आम्ही ती नीट वाचली. नाव, वर्ग, गाव. प्रतीक्षा यादीतली तेवीसपैकी एकोणीस नावं खेड्यांतली होती, आणि त्यातली बहुतेक दोनच रस्त्यांवरची, ज्या रस्त्यांवर सकाळची एसटी उशिरा येते. पहिल्या चाळीसांत मात्र तालुक्याच्या गावात राहणारे आणि वसतिगृहातले भरपूर. त्यांनी काही गैर केलं नव्हतं, ते जवळ राहत होते एवढंच. पण रांगेत कोण आधी उभा राहिला यावरून माती परीक्षण कोणी शिकायचं हे ठरावं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. ज्या पोरीच्या विहिरीला खारं पाणी आहे ती रांगेत मागे राहते, आणि तिच्या मागे राहण्याचं कारण एसटीचं वेळापत्रक असतं.

आम्ही आधी रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडमकडे गेलो. भांडायला नाही, विचारायला. चाळीसच का? साठ का नाहीत? मला वाटलं होतं की विद्यापीठाने आकडा ठरवून दिला असेल. मॅडमनी आम्हाला प्रयोगशाळेतच नेलं आणि उभ्या उभ्या दाखवलं. सेंद्रिय कर्ब काढायची जी नेहमीची पद्धत आहे तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरतात. आम्ल ओतल्यावर चंबू तापतो. वीस जणांवर एक शिक्षक आणि एक प्रयोगशाळा सहायक लक्ष ठेवू शकतात. तीस जण उभे केले तर कोणाच्या हातावर काय सांडलं ते कळायचंसुद्धा नाही. सामू मोजायचं यंत्र एक, क्षारतेचं एक. म्हणून बॅच वीसची. आणि आठवड्यात प्रयोगशाळा ज्या वेळी मोकळी, त्या वेळेत दोनच बॅच बसतात: एक सोमवार-मंगळवारी, दुसरी बुधवार-गुरुवारी, साडेबारा ते अडीच. अडीचनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स असतात. शुक्रवार-शनिवार त्यांचेच. दोन बॅच गुणिले वीस, चाळीस झाले.

हे ऐकल्यावर माझ्या मनातला प्रश्नच बदलला. जागा चाळीस आहेत हे खरं कारण नव्हतंच. प्रयोगशाळेचे चार तास आणि ते घेणारा माणूस, एवढं मिळालं तर आणखी वीस जागा होत्या.

मॅडमनी पुढचंही सांगितलं. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवायचं, असा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. विभागात दोन पूर्णवेळ शिक्षक, बाकीचे तासिका तत्त्वावर. एका सरांचे तास भरलेले. मॅडमचे स्वतःचे तास अजून चारांनी कमी पडत होते. "मी घेईन," त्या म्हणाल्या, "पण वेळ कोणती देऊ? मोकळी आहे ती फक्त सकाळी आठ ते दहा."

सकाळी आठला आमच्यातलं कोणीच पोचू शकत नव्हतं. आमच्या गावातून आठला तालुक्याला पोचायचं तर आदल्या रात्रीच निघावं लागेल. सगळे गप्प झाले. मग आमच्यातलाच एक मुलगा, दहीहंड्याकडचा, म्हणाला की आठला आपण येऊ शकत नाही, पण जे इथंच राहतात ते येऊ शकतात. त्यांनी सकाळची बॅच घेतली तर दुपारच्या जागा आपल्याला मिळतील.

इतकी साधी गोष्ट होती, पण ती सुचायला प्रयोगशाळेत उभं राहून वेळापत्रक हातात घ्यावं लागलं. ऑफिसच्या खिडकीवर ती कधीच सुचली नसती, कारण खिडकीवर फक्त आकडा दिसतो.

आता त्या चाळीसांपैकी तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलांना विचारायचं होतं, आणि त्यांना त्यांची जागा हक्काने मिळालेली होती. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, कोणावर जबरदस्ती होणार नाही, स्वखुशीने लिहून द्यावं लागेल. आम्ही वर्गात उभं राहून सांगितलं, मग एकेकाशी बोललो. काहींनी सरळ नाही म्हटलं आणि त्यांची कारणं खरी होती. एक जण सकाळी मेडिकलच्या दुकानात काम करतो, एकीच्या घरी आजारी आजी आणि सकाळचा सगळा स्वयंपाक तिच्यावर. पण बऱ्याच जणांना सकाळच सोयीची वाटली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोघांना दुपार मोकळी हवी होती. वसतिगृहातल्या मुली म्हणाल्या, "तसंही आम्ही सकाळी उठून बसूनच राहतो." शेवटी चौदा जण तयार झाले. प्रतीक्षा यादीतले जे चार जण तालुक्याच्या गावातच राहणारे होते तेही सकाळच्या बॅचला गेले. अठरांची तिसरी बॅच झाली आणि दुपारच्या चौदा जागा मोकळ्या झाल्या.

हे सगळं तोंडी ठरलं तरी तोंडी राहू द्यायचं नसतं. प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहिला, त्यात मागणी एका वाक्यात आणि सोबत कारण: वेळ कोणती, प्रयोगशाळा मोकळी आहे, मॅडमची संमती आहे, इतक्या विद्यार्थ्यांनी स्वखुशीने बदल मान्य केला आहे. तेवीस सह्या. अर्जाच्या दोन प्रती काढल्या, एक आत दिली आणि दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतला. शिपाई काकाजींनीच सांगितलं होतं, "पोरी, शिक्का घेतल्याबिगर जाऊ नको, कागद हरपते." त्या शिक्क्यामुळे पुढच्या आठवड्यात विचारायला गेलो तेव्हा 'कोणता अर्ज' असं कोणी म्हणू शकलं नाही. परवानगी मिळाली. अट एवढीच की सकाळच्या बॅचची हजेरी पहिल्या महिन्यात कमी झाली तर बॅच बंद.

चौदा जागा आणि खेड्यांतले एकोणीस जण. म्हणजे पाच उरले, आणि त्या पाचांत मी होते, कारण यादीत माझं नाव शेवटी होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी जी माहितीपुस्तिकेत कुठेच लिहिलेली नसते. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या यादीतले बरेच जण तिथे थांबायला आलेलेच नसतात. त्यांनी सीईटी, 'नीट' अशा प्रवेश परीक्षा दिलेल्या असतात, आणि ॲग्री, फार्मसी, नर्सिंग यांच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये, कधी त्याहून पुढेही चालू असतात. आमच्या भागात तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळच, त्याच्या कॉलेजांना नंबर लागावा म्हणून अनेक जण वाट पाहत असतात आणि तोपर्यंत हातात एक प्रवेश असावा म्हणून बीएस्सीला नाव घालतात. त्यात त्यांची काही चूक नाही. पण फेरी लागली की वर्गातले चार-पाच बाक एकदम रिकामे होतात. ऑफिसातले जुने बाबू हे ओळखून असतात. "थांबा थोडं, ॲग्रीचा राऊंड लागू द्या," हे वाक्य त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि ते टाळण्यासाठी सांगितलेलं नव्हतं.

मात्र जागा रिकामी झाली तरी ती कागदावर लगेच रिकामी होत नाही. गेलेला मुलगा टीसी काढायला येतो तेव्हाच त्याचं नाव कमी होतं. काही जण टीसीसाठी येतात ते पुष्कळ दिवसांनी. तोवर यादीत त्याचं नाव, प्रॅक्टिकलला गैरहजर, आणि वेटिंगवाला बाहेर उभा. आम्ही मॅडमना विनंती केली की पहिली दोन प्रॅक्टिकल्स आम्हाला बसून पाहू द्या, जर्नलमध्ये नोंद नको. त्या हो म्हणाल्या. म्हणून पोळ्याच्या सुमारास माझं नाव जेव्हा यादीत चढलं तेव्हा माझं काही बुडलेलं नव्हतं. नमुना कसा घ्यायचा, शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणची माती कशी गोळा करायची, झाडाखालची आणि बांधाजवळची का घ्यायची नाही, हे मी आधीच लिहून घेतलं होतं. उरलेल्या पाचही जणांना जागा मिळाल्या.

खुल्या ऐच्छिक विषयाचं असं चांगलं झालं नाही.

मला 'ग्रामीण अर्थव्यवस्था आणि सहकार' हा विषय हवा होता. आई बचत गटात आहे, गटाला बँकेचं कर्ज आहे, गावात सेवा सहकारी सोसायटी आहे आणि तिच्या पीककर्जावर अर्धं गाव चालतं. जागा साठ होत्या, म्हणून मी निर्धास्त होते. नोंदणी संपली तेव्हा नावं तेरा झाली होती. कॉलेजचा नियम, वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर विषय चालणार नाही.

मर्यादा म्हटलं की आपण वरच्या मर्यादेचाच विचार करतो: जागा भरल्या, आता काय. तालुक्याच्या कॉलेजात खालची मर्यादा तेवढीच जाचते. मोठ्या शहरात एखाद्या विषयाला वीस जण सहज जमतात. आमच्याकडे शंभर-सव्वाशेच्या वर्गात प्रत्येक जण दुसरा काय घेतो ते पाहून घेतो. ग्रुपवर कोणीतरी टाकतं की अमुक विषयात मार्क भेटतात, तमुक सर कडक आहेत, आणि सगळी गर्दी एकीकडे वाहते. त्यात पुस्तिकेत विषयाचं फक्त नाव होतं. आत काय शिकवणार, परीक्षा कशी, याची एक ओळही नव्हती. सोसायटीचं कर्ज आणि पीकविमा यांविषयी शिकायला मिळणार हे कळलं असतं तर आणखी सात नावं जमलीच असती असं मला वाटतं.

आम्ही तेरा जणांनी प्रयत्न केला. बीकॉमच्या वर्गात जाऊन विचारलं, कारण अर्थशास्त्र कला शाखेचं असल्याने त्यांनाही ते शाखेबाहेरचं म्हणून चालत होतं. एसटीत विचारलं. पण तोवर बहुतेकांनी दुसरीकडे नावं दिली होती आणि बदलायची मुदत दोनच दिवसांची होती. आकडा सतराच्या पुढे गेला नाही. विषय बंद झाला.

तो शिकवणारे सर तासिका तत्त्वावरचे. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच मोबदला. विषय बंद झाला की ते तास गेले. मुदत संपली त्या दुपारी ते ऑफिसबाहेर उभे होते, यादी बघायला. आम्हाला म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर सुरुवात करू." त्या सरांसाठी मला फार वाईट वाटलं. विद्यार्थ्याला दुसरा विषय तरी मिळतो, त्यांचं सत्रभराचं उत्पन्न कमी झालं होतं. विषयांच्या निवडीवर कोणाची रोजीरोटी टांगलेली असते, हे निवड करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवं.

आम्हाला 'व्यावहारिक मराठी'कडे वळवलं. चांगलं शिकवलं तिथे, अर्ज, इतिवृत्त, माहिती अधिकाराचा मसुदा. पण मला जे हवं होतं ते ते नव्हतं.

आमच्यातल्या एकीने स्वयंचा मार्ग धरला. स्वयं हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. यूजीसीच्या नियमाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करून क्रेडिट जमा करता येतात. कोर्स फुकट, परीक्षेला फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. तिचा अनुभव असा की आधी कॉलेजची लेखी मान्यता घ्यावी, नाहीतर परीक्षा पास होऊनही क्रेडिट धरायचं की नाही यावर चर्चाच चालू राहते. तिने मान्यता घेतली होती. व्हिडिओ ती रात्री गच्चीवर चढून डाउनलोड करायची, कारण आमच्या गावात रेंज तिथेच येते. कोर्स इंग्रजीत होता आणि सुरुवातीला एकेक व्याख्यान दोनदा ऐकावं लागे. ती पास झाली. पण गच्चीवर रेंज शोधणाऱ्या मुलीला ऑनलाइनचा पर्याय आहे म्हणून वर्गातला विषय बंद केला तर चालतं, असं जे कोणाला वाटत असेल त्यांनी एकदा आमच्या गावात येऊन तिचं ते सत्र पाहावं.

आमच्या पुढच्या बॅचला कॉलेजने पद्धत बदलली. आता खिडकीवरची रांग नाही. पसंतीक्रमाचा अर्ज आठवडाभर घेतात, पहिली पसंती, दुसरी, तिसरी. मागणी जास्त झाली तर बारावीच्या गुणांवर यादी लागते. मला हेही पूर्ण पटत नाही. बारावीला ज्यांच्याकडे शिकवणीचे पैसे होते त्यांचे गुण बरे असतात, हे उघड आहे, आणि माझ्या मते अशा कोर्सला चिठ्ठ्या टाकल्या तरी चालतील. पण निदान नाल्याला पूर आला म्हणून कोणी मागे पडत नाही. आणि अर्जातच एक रकाना आला आहे: 'सकाळी ८ च्या बॅचला येऊ शकता का?' तो रकाना आमच्या अर्जातून आला. तिसरी बॅच आता सुरुवातीपासूनच असते, जागा साठ.

सत्राच्या शेवटी मी आमच्या दोन्ही वावरांची माती नेली होती. एकाचा सामू ८.३ आला, नाल्याकडच्या वावराचा ८.७. मॅडम म्हणाल्या, नाल्याकडच्या मातीत विनिमययुक्त सोडियम किती आहे ते पाहिल्याशिवाय चोपण जमीन सुधारायला जिप्सम टाकायचं की नाही आणि किती, हे सांगता येणार नाही. ती तपासणी आमच्या प्रयोगशाळेत होत नाही, कृषी विद्यापीठात होते. बाबा नमुना घेऊन अकोल्याला गेले. जुनं कार्ड त्यांनी सोबत नेलं होतं आणि तिथल्या माणसाला एकेक आकडा बोट ठेवून विचारून आले.

'ग्रामीण अर्थव्यवस्था आणि सहकार' अजून एकदाही चाललेला नाही. यंदा आम्ही नोटीस लागायच्या आधीपासून नावं गोळा करतो आहोत, सरांनी अभ्यासक्रमाचं एक पान काढून दिलं आहे आणि त्याची झेरॉक्स दोन्ही रस्त्यांच्या एसटीत फिरते आहे. नावं पंधरा झाली आहेत. बीकॉमला आणि बीएस्सीला यंदा प्रवेश घेणाऱ्यांपैकी कोणाला हा विषय हवा असेल तर पसंतीक्रमाचा अर्ज भरताना तो पहिल्या क्रमांकावर लिहा. दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेलं नाव वीसच्या मोजणीत धरत नाहीत.